माती दिली का?

आमच्या घरात दिवसातून पाच-सहा वेळा तरी कुणीतरी मोठ्यानं विचारतं, "माती दिली का?" आणि दुसरं कुणीतरी तितक्याच मोठ्यानं सांगतं, "दिली!" शेजारी नव्यानं राहायला आलेल्या बाई पहिल्याच आठवड्यात चेहरा पाडून दारात उभ्या राहिल्या. "कोण गेलं हो?" म्हणाल्या. मी म्हटलं, "कुणी नाही गेलं. गाड्यांच्या शर्यतीचं मशीन आहे, बरं होऊन उद्या परत जातंय."

माझे सासरे चाळीस वर्षं खेळांची मशीनं दुरुस्त करतायत. अर्थिंगच्या वायरीला ते माती म्हणतात. मशीनच्या आत कुठून भलताच झटका आला, तर त्याला जमिनीत जायची वाट दाखवणारी ती वायर. "अर्थिंग नसेल तर बाकी सगळं निरर्थक," हा त्यांचा आवडता विनोद मी लग्नाला सतरा वर्षं झाली तरी आठवड्यातून एकदा ऐकते. त्यांच्या मुलाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, बल्ब बदलायचा म्हटलं तरी घाम फुटतो. तो बस चालवतो आणि सुखी आहे. म्हणून हा धंदा सुनेकडे आला. आता बाबांचे हात थरथरतात, तेव्हा वायरींना डाग द्यायचं, म्हणजे सोल्डरिंगचं काम माझं. बाबा स्टुलावर बसून दोष काढतात, मशीनमधले आणि माझे.

बाबांचा एक नियम आहे. मशीनचं दार बंद करण्याआधी एकानं विचारायचं, दुसऱ्यानं ती वायर हातानं ओढून बघायची आणि मगच "दिली" म्हणायचं. नुसतं बघून नाही, ओढून. एकटे असलात तर स्वतःच मोठ्यानं विचारा, ओढा आणि स्वतःलाच मोठ्यानं सांगा. "मनातल्या मनात दिलेली माती ही दिलेली नसते," असं बाबा म्हणतात. मला हा नियम पोरकट वाटायचा. आता वाटत नाही, आणि का वाटत नाही तेच सांगायला बसलेय.

हल्ली आमचं निम्मं काम चकमकवाल्यांमुळे चालतं. गॅस पेटवायचा लायटर असतो ना, नुसता टक् करून ठिणगी पाडणारा? नाणं टाकायच्या फटीपाशी तो टकटक केला की आतल्या वायरीत झटका शिरतो, आणि बिचाऱ्या मशीनला वाटतं नाणं पडलं. लगेच फुकटचा डाव. काही महाभाग तर खिशात मावणाऱ्या डब्या बनवून विकतात. त्यावर बाबांनी तोडगा काढला, त्याला आम्ही चिलखत म्हणतो. नाण्याच्या वायरीवर तांब्याची जाळी, दोन्ही टोकांना झटका अडवणारे काळे मणी, मध्ये लहानसहान झटके गिळणारी बोटाएवढी पट्टी. आणि सगळ्यात शेवटी जाळीचं टोक, दार आणि मशीनचा लोखंडी सांगाडा एकाच बोल्टखाली आवळायचे. ती माती.

महिन्यापूर्वी बाजारपेठेतल्या मोठ्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या खेळांच्या हॉलमध्ये बारा मशीनांना चिलखत घालायचं काम आलं. एवढं मोठं काम मी पहिल्यांदा एकटीनं घेतलं होतं. मालकाचे आणखी पाच हॉल होते. हे नीट झालं तर तेही आम्हालाच, असं मॅनेजरनं सांगितलं. मॅनेजर म्हणजे इस्त्रीचा माणूस, शर्टालाही इस्त्री आणि बोलण्यालाही. पहिल्या मशीनचं दार लावताना मी नियमाप्रमाणे ओरडले, "माती दिली का? दिली!" तो धावतच आला.

"मॅडम, इथं लहान मुलांचे वाढदिवस असतात. माती-बिती काय बोलता? आत्ता एक आजोबा दचकले."

मला हसू आलं आणि थोडी लाजही वाटली. चांगला कोट घालून फिरणारी माणसं माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, ठीक आहे, मनात म्हणते. आणि उरलेली अकरा मशीनं मी मुकाट्यानं बंद केली.

तीन आठवड्यांनी मॅनेजरचा फोन आला. आवाजाची इस्त्री मोडली होती. "तुमचं चिलखत फेल. पण चोर पकडलाय आम्ही. ताबडतोब या."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. माझं चिलखत भेदून जाणारा कोण हा शहाणा, ते बघायलाच मी निघाले.

चोर ऑफिसात बसला होता. ऑफिसात दुसरी खुर्ची नव्हती, म्हणून त्याला मोडक्या शर्यतीच्या मशीनमधून काढलेल्या सीटवर बसवलं होतं, स्टिअरिंगसकट. चोर म्हणजे पासष्टीच्या एक बाई. अंगावर लोकरीची शाल, शेजारी काठी, मांडीवर उजवा हात ठेवलेला. तो ठेवलेलाच दिसत होता, आपणहून तिथं गेलेला वाटत नव्हता.

"गणिताच्या शिक्षिका होते," त्या मला म्हणाल्या. "चाळीस वर्षं कॉपी करणाऱ्यांना पकडलं. मला पकडणारं आजच कुणीतरी भेटलं."

मॅनेजरनं मला कॅमेऱ्याचं चित्रण दाखवलं. बाई गेले दोन आठवडे रोज सकाळी हॉल उघडताच येतात. फक्त बाराव्या मशीनवर, म्हणजे उंदरांच्या. बिळातून उंदरांची डोकी वर येतात आणि मऊ हातोड्यानं ती हाणायची, तो खेळ. बाई मशीनपाशी येतात, नाण्याच्या फटीकडे हात नेतात, आणि नाणं पडायच्या आत पडद्यावर डाव वाढतात. कधी दोन, कधी तीन. बाई नसताना त्या मशीनवर एकदाही असं झालेलं नाही.

"आणि हे पिशवीत सापडलं," असं म्हणून त्यानं टेबलावर गॅसचा लायटर ठेवला. नवाकोरा, पुठ्ठ्यावर प्लास्टिकखाली बंद.

"घरचा बिघडला, म्हणून आज खालच्या दुकानातून घेतला," बाई म्हणाल्या.

"सगळे असंच म्हणतात," मी म्हणाले.

उचलली जीभ लावली टाळ्याला. आज ते वाक्य आठवलं की कान गरम होतात. पण त्या क्षणी मला बाई दिसतच नव्हत्या, माझं चिलखत दिसत होतं. मी प्लास्टिक फाडलं, लायटर घेतला आणि हॉलभर फिरले. पहिल्या मशीनच्या फटीपाशी टकटक केलं. काही नाही. दुसरं, तिसरं, करत करत अकरावं. अकरा मशीनं ढिम्म. मला अभिमानानं भरून आलं. बाराव्यापाशी टक् केलं, तर पडद्यावर तीन डाव.

"बघा!" मॅनेजर म्हणाला. "लायटरनंच होतंय."

"लायटरनंच होतंय," मी म्हणाले. खरं तर इथंच मी विचारायला हवं होतं की अकरांवर का नाही. पण मी म्हणाले, "हे मशीन जुनं आहे, जास्त हळवं असेल. उद्या येऊन जादा मणी घालते." नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.

आम्ही ऑफिसात परत आलो, तशा बाई उठल्या. डाव्या हातानं काठी घेतली. मॅनेजर त्यांना म्हणाला की उद्यापासून प्रवेश बंद, आणि फोटो दारावर लागेल, तसा मालकांचा नियमच आहे. बाईंनी वाद घातला नाही. एवढंच म्हणाल्या, "मला अर्धांगाचा झटका आला होता. या हाताला डॉक्टरांनी चेंडू दाबायला सांगितलं, तो हात दाबेना. पण उंदीर दिसला की हा हात आपणहून उठतो. पहिल्या दिवशी दोन उंदीर मारले होते, काल एकोणीस. ते तेवढं बंद करू नका."

मॅनेजरनं लायटर ड्रॉवरमध्ये टाकला. मी माझी हत्यारं उचलली. बाई उजवा पाय ओढत, नव्या गालिच्यावरून खरर् खरर् करत निघून गेल्या.

घरी आले तर बाबा स्टुलावर. मी सगळं सांगितलं, जरा तिखटमीठ लावूनच. अकरा मशीनं कशी ढिम्म राहिली, ते दोनदा सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "लायटर कसा होता?"

"नवा. पुठ्ठ्यावर पॅक. मीच तर फाडून..."

माझं वाक्य तिथंच थांबलं. पॅक लायटरनं कुणी दोन आठवडे चकमक कशी पाडेल? हे मॅनेजरला सुचलं नाही, ते एक ठीक. मी स्वतःच्या हातानं ते प्लास्टिक फाडलं होतं.

"बाराव्याला माती दिली होतीस?" बाबांनी विचारलं.

"दिली!" मी ओरडले.

"विचारलं कुणी होतं?"

मॅनेजर, वाढदिवस, कोटवाली माणसं, सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता दोष निघणार. पण बाबा फक्त म्हणाले, "सकाळी मीही येतो." दुसऱ्या मजल्याचा जिना त्यांना झेपत नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

सकाळी हॉल उघडायच्या वेळी पोहोचलो. काचेच्या दारावर बाईंचा फोटो आधीच लागला होता, खाली ठळक अक्षरांत 'प्रवेश बंद'. आणि समोरच्या बाकावर बाई स्वतः बसून तो बघत होत्या. मला बघून म्हणाल्या, "रोज या वेळी घरातून निघायची सवय झालीय, पाय आपोआप इथंच आले. फोटो बरा आलाय, नाही? चष्मा तेवढा वाकडा."

मी आत जाऊन थेट बाराव्या मशीनसमोर बसले आणि दार उघडलं.

आत माझं चिलखत होतं. जाळी सुरेख, मणी जागच्या जागी, डाग चकचकीत. आणि जाळीच्या टोकाची वायर बोल्टपासून चार बोटं लांब, हवेत लोंबकळत होती. नट खाली पडलेला होता, मी तो कधी लावलाच नव्हता. त्या दिवशी या मशीनपाशी असताना नवऱ्याचा फोन आला होता, भाजी काय आणू म्हणून. फोन ठेवला आणि दार लावलं. मनातल्या मनात 'दिली' म्हटलं असेन. मनाचं काय, त्यानं सगळंच दिलेलं असतं.

माती नसलेलं चिलखत काहीच नसण्यापेक्षा वाईट. आलेला झटका जमिनीत जात नाही, जाळीतच घुटमळतो आणि आतल्या वायरीत उतरतो. मी मशीनला कवच घातलं नव्हतं, अँटेना लावून दिली होती. मग गालिचा आठवला. हॉलमध्ये दोन आठवड्यांपूर्वी नवा नायलॉनचा गालिचा घातला होता, वर एसीची कोरडी हवा. त्यावरून लोकरीची शाल घेतलेली बाई एक पाय ओढत येते, अंगात वीज साठते, ती लोखंडी दाराला बोट लावते आणि टक्. इतर माणसं पाय उचलून चालतात. पाय ओढत त्या एकट्याच चालत होत्या, आणि नेमक्या त्याच मशीनवर खेळत होत्या. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. फक्त इथं चोर मीच होते.

माझ्या हातात पाना होता. मॅनेजर लांब चहा पीत उभा होता. नट उचलायचा, चार फेरे आवळायचे, दार लावायचं. दहा सेकंदांचं काम. मॅनेजरला सांगायचं, जादा मणी घातला, आता बिघाड होणार नाही. पाच हॉल खिशात. बाईंचा फोटो दारावर तसाच राहिला असता, एवढंच. हे माझ्या मनात आलं नाही असं खोटं कशाला सांगू? चांगलं दोनदा आलं.

बाबांनी आत वाकून बघितलं. वायर बघितली, मग मला बघितलं. एरवी कणभर दोष दिसला की त्यांची गाडी सुरू होते, आणि आज एवढा ढळढळीत दोष समोर लोंबकळत असताना हा माणूस गप्प. ते मला सहन झालं नाही. मी पाना खाली ठेवला आणि मॅनेजरला हाक मारली.

"इकडे या. बाईंनी काही केलेलं नाही. माती मी खाल्ली."

"काय खाल्लं?"

"माती! ही वायर मी जोडायची विसरले. चूक माझी आहे आणि फोटो त्यांचा लागलाय."

तो माझ्याकडे, वायरीकडे, परत माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "पण त्यांच्याच हातून डाव वाढतात, कॅमेऱ्यात आहे."

"वाढतातच. लायटर तुमच्या ड्रॉवरमध्ये आहे ना? मग आत्ता त्यांना आत बोलवा आणि रिकाम्या हातानं इथपर्यंत चालायला सांगा. वायर मी अशीच लोंबती ठेवते."

बाई आत येईनात. दाराबाहेरून म्हणाल्या, "मला बंदी आहे. मी नियम मोडत नाही." शेवटी मॅनेजरला स्वतः जाऊन "या बाई" म्हणावं लागलं. त्या खरर् खरर् करत आल्या. काठी मी हातातून घेतली आणि माझा खांदा दिला. मशीनपाशी येऊन त्यांनी डाव्या हाताचं बोट लोखंडी दाराला लावलं.

टक्.

"आई गं!" म्हणून त्यांनी बोट झटकलं. पडद्यावर दोन डाव उभे राहिले.

"हे रोजचंच आहे," त्या म्हणाल्या. "काउंटरवरच्या मुलीला मी दोनदा सांगितलं, आकडा आपोआप वाढतोय म्हणून. ती म्हणाली, खेळा आजी, नशीब आहे तुमचं. मला वाटलं ज्येष्ठांना सवलत असेल."

काउंटरवरच्या मुलीनं जीभ चावली. मॅनेजर दारापाशी गेला आणि नखानं फोटोचा चिकटपट्टीचा कोपरा उचकटू लागला. पट्टी निघेना. चांगली लावली होती.

मी बाईंसमोर उभी राहिले. "मला माफ करा," म्हटलं. "मी काल तुम्हाला जे बोलले ते..." पुढं मला रडूच आलं. मी सहसा रडत नाही, मी भांडते. पण तिथं भांडायला स्वतःशिवाय कुणी उरलं नव्हतं.

बाईंनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. वर्गात बघत असतील तसंच. "चाळीस वर्षांत चूक आपणहून कबूल करणारी मुलं किती पाहिली, सांगू?" म्हणाल्या. "एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. म्हणजे माझं काम सध्या भागतं." आणि त्यांनी डावा हात वर केला. सगळ्यात आधी बाबा हसले.

मालकांना सगळं सांगावं लागेल, असं मॅनेजर म्हणाला. मी म्हटलं, जरूर सांगा. त्यानं सांगितलं. पाचातले तीन हॉल आम्हाला मिळाले, दोन दुसऱ्याकडे गेले. माती खाल्ली की तोंडात चव थोडी राहतेच. पण तीन मिळाले, आणि त्यासाठी मॅनेजरनं शब्द टाकला, हे मला नंतर कळलं. इस्त्रीच्या आत माणूस निघाला.

त्या सकाळी मात्र उरलं होतं ते एका नटाचं काम. मी जाळीचं टोक बोल्टवर घातलं, नट लावला, पान्यानं आवळला. दार लावणार तेवढ्यात मॅनेजर मागून म्हणाला, "ते तुमचं... काय ते विचारा की." मी बघितलं. "मोठ्यानं विचारा," तो म्हणाला. "वाढदिवस असला तरी चालेल."

स्टूल नव्हतं म्हणून बाबा ऑफिसातून आणलेल्या शर्यतीच्या सीटवर, माझ्या मागेच बसले होते. तिथून ते हॉल दणाणेल अशा आवाजात ओरडले, "माती दिली का?"

मी वायरीकडे हात नेला.

"थांब," बाई म्हणाल्या. "तूच लावायची आणि तूच तपासायची? आमच्या शाळेत असं चालत नसे. काय करायचं असतं?"

"ओढून बघायचं असतं," मी म्हणाले. "जोरात."

त्या मशीनला डाव्या खांद्यानं टेकल्या आणि त्यांनी उजवा हात उचलला. तो वर यायला वेळ लागला. बोटं वायरीपर्यंत पोहोचली, पण मिटेनात. अंगठा एकदा घसरला, दुसऱ्यांदा घसरला. मदत करायला मी पुढं सरकले, तर बाबांनी माझा पदर मागून खेचला. तिसऱ्या खेपेला बोटं एकेक करून मिटली, करंगळी सगळ्यात शेवटी. बाईंनी दात आवळले आणि ओढलं. आणखी एकदा ओढलं. वायर जागची हलली नाही, आणि त्यांची मूठही सुटली नाही.

बाई त्या मिटलेल्या मुठीकडे बघत होत्या. मग मान वर करून, शेवटच्या बाकापर्यंत पोहोचेल अशा आवाजात म्हणाल्या, "दिली!"

मी दार लावलं. पडद्यावर मघाचे दोन डाव अजून उभे होते. मॅनेजरनं स्वतः हातोडा आणून बाईंच्या उजव्या हातात दिला.